चिनथांगभाऊ आणि शांगवोचा चढ

वानलिनच्या बाजारगल्लीत एका बाजूला माझं शेवयांचं दुकान आणि बरोब्बर समोर चिनथांगभाऊंचं काष्ठौषधींचं. मधला रस्ता एवढा अरुंद, की त्यांनी मधात ज्येष्ठमध भाजला की माझ्या रश्श्याला त्याचा वास लागतो, आणि मी लसूण परतला की त्यांची गिऱ्हाइकं खोकल्याची पुडी विसरून माझ्याकडे जेवायला येतात.

"लानमेइ, तुझ्या लसणानं माझं जिनसेंग बाटलं!" ते तिकडून ओरडतात.

"बाटलं तर फेकू नका, इकडे द्या. रश्श्यात घालते," मी इकडून.

बावीस वर्षं हे असं चाललंय. तेव्हा त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते. त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील, म्हणून विचारलेलं नाही.

लो चिनथांग हा माणूस अंगानं काडी आणि स्वभावानं काटा. काटा म्हणजे तराजूचा. त्यांच्या दुकानात मागची सगळी भिंत लाकडी खणांची आहे, आणि गल्ल्यावर वडिलांच्या वेळेपासूनचा एक पितळी तराजू लटकतो, त्याची पारडी माझ्या तळहातापेक्षा लहान. त्यांची एक म्हण आहे, स्वतःच तयार केलेली: "अंदाज हा अडाण्यांचा धंदा." चहाची पानंसुद्धा ते मोजून टाकतात. माझ्या दुकानात बसून शेवया खाताना, "आज मीठ चिमूटभर जास्त," असं सांगतात, आणि मेलं बरोबर असतं ते.

या माणसाकडे एक स्कूटर होती. पन्नास सीसीची, बायकांसाठी काढलेलं छोटं मॉडेल, पुढे टोपली. एकेकाळी पांढरी होती म्हणतात. मी तिला चहाच्या रंगाचीच पाहिली आहे. ती त्यांनी घेतलेली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, युनमेइवहिनींच्या रुखवतात आली होती. त्या काळी आमच्या हक्का लोकांत मुलीबरोबर शिलाई मशीन द्यायचे, रजया द्यायचे. वहिनींच्या वडिलांनी स्कूटर दिली. त्यांचं गाव शांगवो, इथून सहा किलोमीटर वर डोंगरात. म्हातारा म्हणाला होता, "चढ मोठा आहे. लेकीला माहेरी यायचं झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." लग्नाआधी महिनाभर त्यानं इथल्या शाळेच्या मैदानात लेकीला गाडी शिकवली. ती पुढे चालवायची आणि हा मागून धावायचा. मग लग्नाच्या दिवशी गाडी लाल फीत बांधून थेट लोंच्या दारात आली. शांगवोचा चढ गाडीनं तोवर पाहिलाच नव्हता. आणि नव्या वर्षाच्या आत म्हातारा गेला.

पहिले काही महिने वहिनी ती चालवत बाजारात यायच्या. मग मुलगी पोटात राहिली, तेव्हा गाडी चिनथांगभाऊंच्या हातात गेली. एकदा नवऱ्याच्या हातात गेलेली वस्तू परत येत नाही. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटचं तसंच झालंय. तेव्हापासून ते पुढे आणि वहिनी मागे.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात. माझंही माहेर शांगवोच, वहिनींच्या दोन घरं पलीकडे, म्हणून दरवर्षीचा तमाशा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. गाडी पाच किलोमीटर कशीबशी जायची. मग भूमिदेवाच्या ठेंगण्या देवळाजवळ एक वळण आहे, तिथून चढ भिंतीसारखा उभा राहतो. तिथे गाडी गुरगुरायची आणि थांबायची. वहिनी न सांगता उतरायच्या. चिनथांगभाऊ एकटे फुर्रकन वर जायचे, टोपलीत भेटी घेऊन, आणि वहिनी मागून चालत. वीस-पंचवीस मिनिटांनी त्या अंगणात पोचायच्या, तोवर जावईबापूंचा दुसरा कप चहा चालू असायचा.

वहिनींच्या दोन्ही बहिणी मोटारीतून यायच्या. त्यांची आई, चौऱ्याऐंशीची म्हातारी, अंगणात बांबूच्या खुर्चीत बसून हे सगळं बघायची. जिभेनं ती अजून चाळिशीची आहे. मागच्या वर्षी सगळ्यांच्या देखत ती म्हणाली:

"जावईबापू, ती गाडी ह्यांनी लेकीला दिली होती ना?"

"हो आई."

"मग दरवर्षी ती तुम्हालाच का आणून सोडते?"

सगळे हसले. चिनथांगभाऊ पण हसले, पण कान लाल. म्हातारी मात्र हसली नाही. म्हणाली, "थट्टा सोडा. ह्यांनी गाडी घेतली ती लेक दारात गाडीवरून उतरावी म्हणून. ह्यांना काही बघायला मिळालं नाही. मला एकदा दाखवा. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन."

ते वाक्य भाऊंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्यात शरद ऋतूत वहिनींचा गुडघा सुजला. चिनथांगभाऊंनी सतरा प्रकारचे लेप लावले. सूज उतरली, पण चढ चढायचा नाही हे डॉक्टरनं बजावून सांगितलं. थोरल्या बहिणीचा फोन आला: "युनमेइ, यंदा आमच्या मोटारीतून चल. त्यांना म्हणावं तुम्ही या मागून तुमच्या खटाऱ्यावरून."

वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या माझा लसूण सोलत होत्या आणि डोळे वर करत नव्हत्या. "बावीस वर्षं चालत गेले, त्याचं काही वाटलं नाही गं," म्हणाल्या. "पण दुसरीच्या नवऱ्याच्या मोटारीतून माहेरी जायचं म्हणजे..."

चिनथांगभाऊंनी मोटारीला नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला आश्यूंग मेस्त्रीकडे गेले. मीही गेले. मला तिथे काही काम नव्हतं.

"भाऊ, सव्वाशे सीसीची नवी घ्या," आश्यूंग म्हणाला. "चढ काय, झाडावर चढेल."

"सासूबाईंना हीच बघायची आहे. ही चालते की."

"चालते. चढत नाही."

"मग चढवायची."

आश्यूंगनं सुस्कारा टाकला आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं. आत पट्टा होता, पट्ट्याच्या पुढच्या टोकाला पुली, आणि पुलीच्या पोटात सहा गोल रोलर, करंगळीच्या पेराएवढे. "हे बघा. इंजिन फिरायला लागलं की हे बाहेर फेकले जातात आणि गाडीला पळायला लावतात. जड असले की लवकर फेकले जातात. सपाटीला झकास, चढाला दम संपतो. हलके असले की उशिरा जातात, तोवर इंजिन जोर धरून राहतं. तुम्हाला हलके पाहिजेत. प्रत्येकी साडेसहा ग्रॅमचे आहेत, साडेपाचाचे घाला. माझ्याकडे डबी तयार आहे."

वजन, ग्रॅम, साडेपाच. चिनथांगभाऊंच्या चेहऱ्यावर असा उजेड मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी डबी दुकानात नेली, पितळी तराजू काढला, सहाही रोलर एकेक करून तोलले आणि डबी परत आणली.

"साडेपाच लिहिलंय. यातला एकही साडेपाच नाही. एकमेकांशीही पटत नाही त्यांचं."

"भाऊ, केसाएवढा फरक असेल!"

"केसाएवढ्या फरकानं औषधाचं विष होतं," असं म्हणून त्यांनी आपले जुने रोलर उचलले आणि घरी नेले.

त्यानंतरचे दोन महिने समोरच्या दुकानात औषधं कमी आणि लोखंडाचा भुसा जास्त होता. एका बारीक ड्रिलनं ते रोलर आतून कोरायचे, पडलेला चुरा फुंकून टाकायचे, तोलायचे, पुन्हा कोरायचे. एखादी बाई पोटदुखीचं औषध न्यायला आली तर, "थांबा, चौथा झाला की देतो." ती बाई पोट धरून माझ्याकडे येऊन बसायची.

पहिल्या खेपेला हात सैल सुटला आणि रोलर चार ग्रॅमवर आले. गाडी सुरू केली तर ती अशी किंचाळली की गल्लीतली मांजरं छपरावर गेली. आणि चाल? भाजीवाली सायकल ढकलत त्यांच्या पुढे गेली. जाताना वळून म्हणाली, "चिनथांगभाऊ, दुखतंय का तिला कुठे?"

मग आश्यूंगनं सांगितलं, सायलेन्सरमध्ये बावीस वर्षांची काजळी आहे, ती जाळून काढा, गाडी मोकळा श्वास घेईल. मोकळा श्वास हा तर भाऊंचाच विषय. त्यांनी सायलेन्सर काढला आणि ज्येष्ठमध भाजायच्या शेगडीत निखाऱ्यांवर ठेवला. काळ्या धुरानं माझे दोन दिवसांचे वाळत घातलेले मुळे काळे पडले. मी रस्ता ओलांडून जे बोलायचं ते बोलून आले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरी गंमत पुढे. त्याच शेगडीवर त्यांनी दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमध भाजला, आणि त्या थंडीत साऱ्या वानलिनच्या खोकल्याच्या काढ्याला जळक्या तेलाचा वास होता. शाळेचे जुने मास्तर मात्र छातीवर हात ठेवून सांगत होते, "काय औषध दिलंत भाऊ! एका घोटात घसा मोकळा." भाऊंनी त्यांना आणखी एक पुडी बांधून दिली.

मग मागच्या पुलीची स्प्रिंग कडक घातली. हवा जायच्या डब्याला भोक पाडलं. पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा जेट आश्यूंगनं एक नंबर मोठा बसवला. नवे रोलर कोरले, या वेळी पाच ग्रॅम आणि एक दशांश, सहाचे सहा सारखे, पारडं लवमात्र हलत नव्हतं. आश्यूंगनं हातात घेऊन पाहिले आणि पहिल्यांदा थट्टा न करता म्हणाला, "भाऊ, असे दुकानातही मिळत नाहीत." मग विचारलं, "आता सांगा, मागे वजन किती असणार? त्यावर शेवटची जुळवणी."

भाऊ फडकं घेऊन रोलर पुसायला लागले.

"म्हणजे... वहिनींचं," आश्यूंग हळूच म्हणाला.

"लग्नात किती होतं ते माहीत आहे," भाऊ म्हणाले.

"ते चालायचं नाही," मी म्हणाले.

पंचाईत अशी, की अंदाज हा अडाण्यांचा धंदा, आणि विचारणं हा त्याहून मोठा अडाणीपणा. दोन दिवस विचार करून चिनथांगभाऊंनी युक्ती काढली. त्यांच्या दुकानात पोती मोजायचा फळीचा वजनकाटा आहे. ते वहिनींना म्हणाले, "हे ज्येष्ठमधाच्या मुळ्यांचं पोतं काट्यावर नीट बसत नाही गं. तू हातात धरून उभी राहा. मग मी पोतं वजा करतो."

"पोतं वजा केलं की काय उरेल?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. हिशोब."

वहिनी उभ्या राहिल्या. मी दारातून बघत होते. पोतं एका हातात छातीशी धरलं होतं, आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या खणांच्या कडेवर चांगला दाबून टेकवला होता. माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला. भाऊ खाली वाकून आकडा वाचत होते, त्यांना काय दिसणार? आकडा लिहून घेताना ते फार खूश दिसले. म्हणाले, "वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं आहे." आकडा मी लिहिणार नाही. मला अजून त्याच गल्लीत राहायचं आहे.

मग चाचणी. मागच्या सीटवर बरोबर तेवढ्या वजनाची मुळ्यांची दोन पोती एकावर एक बांधून, वहिनींचा जुना स्कार्फ वरून गुंडाळून, चिनथांगभाऊ दुपारी चढावर जायला लागले. स्कार्फ कशाला, तर वाऱ्याचा हिशोब चुकू नये म्हणून. सारं गाव बघायचं.

"काय भाऊ, बायको घरी आणि पोत्याला डोंगर दाखवायला नेताय!"

"पोतं बोलत नाही ना वाटेत, म्हणून!" दुसरा.

भाऊंनी एकदा मला विचारलं, "लानमेइ, तू बसतेस का? खऱ्या माणसाचा तोल वेगळा असतो."

"मी बसले तर गावाचा तोल जाईल," मी सांगितलं.

"आणि तुमचं स्वतःचं वजन धरलंत ना?" आश्यूंगनं त्यांना विचारलं होतं. तेव्हा भाऊ आपल्या काडीसारख्या दंडाकडे बघून हसले. "माझं काय धरायचं? मी म्हणजे वारा."

नव्या वर्षाच्या आठ दिवस आधी ते चाचणीवरून परत आले ते गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत. पोती घेऊन गाडी वळण चढून गेली होती. देवळाच्या पुढे, पर्सिमनच्या, म्हणजे त्या गोड केशरी फळांच्या, मोठ्या झाडापर्यंत, न थांबता. गाडी उभी करून ते आत गेले आणि वहिनींना म्हणाले, "यंदा तुला पाय खाली टेकवावा लागणार नाही." एवढंच. वहिनींनी आत जाऊन चहा ठेवला. पण त्या दिवशी मला दिसलं, त्यांनी गाडी स्वतः पुसली. आरशांपासून टोपलीपर्यंत, ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या.

नव्या वर्षाचा दुसरा दिवस उजाडला. हवा कोरडी, ऊन कोवळं. आमचे हे आणि मी आमच्या गाडीवरून निघालो, मी मागे, मांडीवर भेटींचं गाठोडं. लोंच्या दारापुढे गेलो तर ते निघायच्याच तयारीत. आणि मी पाहिलं.

आमच्याकडे माहेरी रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि एकटी वस्तू न्यायची नाही. जे न्यायचं ते जोडीनं. वहिनींनी यंदा कधी नाही एवढा उत्साह केला होता. चिकट तांदळाचे वडे, ते भाकरीसारखे छोटे नव्हेत, वाफवायच्या टोपलीएवढे रुंद, दोन. उकडलेले कोंबडे, दोन. संत्र्यांच्या पिशव्या, दोन. पर्सिमनच्या सुकवलेल्या फळांच्या पेट्या, दोन. आईसाठी जिनसेंगचे डबे, दोन. टोपली भरून वर, पायाशी ठेवून, हँडलला दोन्हीकडे लटकवून, उरलेलं वहिनींच्या मांडीवर. तिळातिळाचं वजन करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे हे सगळं बांधलं जात होतं, आणि त्याला सुचलं नाही! माहेरची भेट ही त्याच्या लेखी वजन नव्हतीच. भेट ती भेट.

मी आमच्या ह्यांच्या पाठीत कोपर मारलं. "सांगा की त्यांना."

"सणाच्या दिवशी? तू सांग," हे म्हणाले.

आम्ही दोघंही गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

पाच किलोमीटर गाडी नव्या सुनेसारखी निमूट गेली. इंजिनाचा आवाज भरलेला, गोड होता. भाऊ एकदा मागे वळून आमच्याकडे बघून हसले. देवळाचं वळण आलं. गाडी चढाला लागली. पहिली वीस पावलं जोरात गेली, मग आवाज उंच झाला, आणखी उंच झाला, मागचं चाक जड झालं. भाऊंनी मूठ पिळली, पुढे झुकले, जणू कपाळानं ढकलत होते. पर्सिमनचं झाड दिसत होतं. त्याच्या अलीकडे गाडी थांबली.

वहिनींनी एक पाय उचलला. बावीस वर्षांची सवय.

"बस तू!" भाऊ ओरडले. मग हळू आवाजात, "बस. पाय टेकवू नकोस."

आमचे हे गाडी बाजूला लावून म्हणाले, "भाऊ, मी मागून पायानं रेटा देतो. वरपर्यंत नेतो."

"ढकलून आणलेली गाडी आईंना दाखवू? नको."

"मग गाठोडी देवळात ठेवा. मागून नेता येतील."

"माकडं ठेवतील का?" मी म्हणाले. झाडावर दोन बसलेलीच होती, कोंबड्याचा वास घेत.

"निम्मं ठेवते खाली," वहिनी म्हणाल्या आणि लगेच थांबल्या. "नको. एकेकटं घेऊन नाही जायचं मला. आईकडे नाही." मग त्यांनी मांडीवरच्या भेटी सावरल्या. "अहो, जाऊ दे. तुम्ही स्वतःच्या हातांनी एवढं केलंत ते मी बघितलंय. मी हळूहळू चालते. गुडघा बरा आहे आज."

गुडघा बरा नव्हता. उतरायला उचललेला पाय थरथरत होता, ते मला दिसत होतं, तर भाऊंना दिसलं नसेल का?

वरून अंगणातला आवाज येत होता. पोरं फटाके वाजवत होती. पन्नास घरांच्या त्या गावात कोण कोणाच्या गाडीवरून येतंय हे कठड्यावरून सगळ्यांना दिसतं. चिनथांगभाऊ मुठी धरून तसेच उभे होते, ओठ हलत होते. मला वाटलं देवाला काही म्हणतायत. नाही. ते बेरीज करत होते. वडे धरले, कोंबडे धरले, संत्री धरली. मग ते थांबले. त्यांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं, ते रस्त्यावर टेकलेले होते आणि गाडी त्यांच्यामुळे सरळ उभी होती.

"छप्पन्न किलो," ते म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"मी. छप्पन्न किलो आहे मी." आणि ते गाडीवरून उतरले. एका हातानं हँडल घट्ट धरून, गाडी कलू न देता. "सरक पुढे."

"कोण?" वहिनी म्हणाल्या.

"तू. सरक. धर मुठी."

"अहो, वेड लागलंय का? बावीस वर्षं झाली. मला नाही येत आता."

"तुझ्या वडिलांनी शिकवलंय तुला. मला कुणी शिकवलं होतं?" ते म्हणाले. "गाडी तुझी आहे. मी उगाच बसलो होतो."

वहिनी पुढे सरकल्या. हँडलला हात लावला तो गरम तव्याला लावावा तसा. मग नीट धरलं. भाऊंनी मागे जाऊन सीटला हात लावला. वहिनींनी मूठ जराशी पिळली.

आता ही गाडी दोन माणसांसाठी जुळवलेली, सहा रोलर पाच ग्रॅम एक दशांश, आणि वर एकच माणूस. तिनं उडीच मारली. वहिनी किंचाळल्या, माकडं पळाली, संत्र्याची पिशवी झोपाळ्यासारखी झुलली. भाऊ चार पावलं मागून धावले आणि हात सोडला. गाडी पर्सिमनच्या झाडापुढून गेली, वरच्या वळणावर गेली. तिथे वहिनींनी मागे वळून बघितलं. चेहरा मला दिसला. सेहेचाळीस वर्षांची बाई आणि चेहरा शाळेच्या मैदानातल्या पोरीचा. मला रडू आलं, सरळ सांगते. आमचे हे म्हणाले, "चल, नाहीतर पोचलेलं बघायला मिळणार नाही."

आम्ही मागोमाग गेलो. वहिनी अंगणात शिरल्या तेव्हा थोरल्या बहिणीचा नवरा मोटार पुसत होता, त्याचं फडकं हातात तसंच राहिलं. गाडी म्हातारीच्या खुर्चीपुढे येऊन थांबली. म्हातारी काठी न घेता उठली. लेकीला जवळ घेतलं नाही, आधी गाडीपाशी गेली. दिव्यावरून, टोपलीवरून, सीटवरून हात फिरवला, जसा दमून आलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात. मग म्हणाली, "आलीस गं ह्यांच्या गाडीवरून." वहिनी गाडीवर बसूनच रडायला लागल्या. इंजिन बंद करायचं राहूनच गेलं होतं.

चिनथांगभाऊ पंचवीस मिनिटांनी आले. बूट हातात, कपाळावरून घाम, श्वास घशात. दोन पायऱ्या चढून अंगणात आले आणि खांबाला धरून उभे राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना चढ केवढा आहे ते कळलं होतं. हे मी नाही म्हणत, ते पुढे स्वतःच म्हणाले, माझ्या दुकानात शेवया खाताना, मिठाबद्दल काही न बोलता.

वहिनींचा तोवर दुसरा कप चहा चालू होता.

म्हातारीनं जावयासाठी स्वतःच्या हातानं चहा ओतला, पानं न मोजता. "बसा जावईबापू. गाडी झकास चढली हो यंदा. दोन महिने खपत होतात म्हणे. काय काय केलंत तिला?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता रोलर निघणार, दशांश निघणार, सायलेन्सर निघणार. भाऊंनी चहाचा घोट घेतला, वहिनींकडे बघितलं.

"काही नाही आई," ते म्हणाले. "उतरलो."